पडद्यावरचे रंग – ७ : देवळाचा चुना आणि पानाचा पांढरा

मागच्या भागात रंगाचे तीन आकडे पाहिले. लाल, हिरवा, निळा. प्रत्येक ० ते २५५. तिन्ही २५५ झाले की पडद्याला जमेल तेवढा शुभ्र पांढरा. बहुतेक वेबसाइटींची पानं याच पांढऱ्यावर उभी असतात, आणि फोटो टाकल्याबरोबर घोळ होतो तोही इथेच.

पेडणे तालुक्यात मोरजीला मोरजाईच्या देवळात कावीकाम आहे. गोव्यातल्या आणि कोकणपट्टीतल्या जुन्या देवळांच्या, घरांच्या भिंतींवर लाल-पांढऱ्या दोनच रंगांत दिसणारी ही कला. आडपईचे सागर नाईक मुळे यांच्यासारखे चित्रकार ती आज पुन्हा हाताळताहेत. तिची रीत आपल्या विषयाला फार जवळची आहे. शिंपल्यांचा चुना, वाळू आणि गूळ कालवून भिंतीला गिलावा करतात. तो ओला असतानाच त्यावर लाल मातीचा थर देतात आणि टोकदार हत्याराने नको तिथला लाल खरवडतात. खरवडलं की खालचा चुना उघडा पडतो. चित्रातला पांढरा कुणी लावलेला नसतो, तो भिंतीचाच असतो. त्यामुळे चित्र आणि पार्श्वभूमी जुळवायचा प्रश्न त्या कारागिरापुढे कधी आलाच नाही.

आपल्यापुढे येतो. त्या भिंतीचा फोटो शुभ्र पानावर ठेवून पाहा. भिंत मळकी, पिवळट, जणू वर्षानुवर्षं झाडलीच नाही अशी दिसते. फोटोत दोष नसतो. चुना मुळातच २५५ नसतो. सावलीतल्या भिंतीचा आकडा २४४, २३६, २२० असा काहीतरी निघतो. नुसता पाहिला तर डोळा त्याला पांढराच म्हणतो. शेजारी खरा शुभ्र आला की लगेच शब्द फिरवतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात मिशेल शेव्रल नावाचा रसायनज्ञ रंगाईचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंग ठणठणीत होता. शेजारच्या धाग्यांचे रंग त्याला फिका पाडत होते. यावरचं त्याचं पुस्तक १८३९ सालचं आहे. पावसाळ्यात डिचोलीकडे गेलात तर हेच उघड्यावर दिसतं: हरवळ्याच्या गुंफांचा जांभा भोवतीच्या हिरव्यामुळे जास्तच लाल वाटतो, आणि तोच दगड उन्हाळ्यात तपकिरी.

मग उपाय काय? मला पटलेला एकच: पान फोटोच्या मागे जावं, फोटो पानाच्या मागे नव्हे. रंग उचलण्याचं साधन प्रत्येक चित्र-सॉफ्टवेअरमध्ये असतं. भिंतीच्या चार-पाच जागा टिपायच्या, अगदी उजळ आणि अगदी काळोखी सोडून द्यायच्या, मधला रंग पानाला द्यायचा. अक्षरांना कावीचाच लाल, समजा १३९, ५८, ४३. सुवाच्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांत साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान साडेचारास एक लागतं. चुन्यावर हा लाल साडेसहापर्यंत जातो. तोच लाल मागे ठेवून वर काळी अक्षरं टाकली तर गुणोत्तर तीनाच्याही खाली. जांभ्यावर काळा मजकूर छापणाऱ्या पर्यटन-पानांनी एवढं तरी करून पाहावं. (आणि समुद्र दूर असलेल्या डिचोलीच्या पानालाही कळंगुटचा निळा का चोपडतात, हे मला आजवर उमगलेलं नाही.)

इथवर डोळ्याचं काम. आता फाइलीचं, कारण आकडा जुळवूनही कडेला शिवण दिसते अशी तक्रार नेहमीची. पहिला संशयित जेपेग. तो फाइल लहान करण्यासाठी रंगाचा तपशील उजळपणाच्या तपशिलापेक्षा जास्त कापतो आणि चित्र आठ गुणिले आठ पिक्सेलांच्या चौकोनांत हिशोबाला घेतो. २४४चा २४३ होतो, २२०चा २२१. झाडाझुडपांच्या फोटोत हे कुणाला कळणार नाही, पण दोन सपाट रंग कडेला कडा लावून बसले की एका आकड्याचा फरकही रेघ होऊन दिसू शकतो. दुसरा संशयित रंगाचं प्रोफाइल. काही कॅमेरे आणि फोन वेबच्या नेहमीच्या एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगपट्ट्यात फोटो साठवतात. पानाला दिलेला आकडा मात्र ब्राउझर एसआरजीबीतच वाचतो. म्हणून फोटो चढवण्याआधी एसआरजीबीत बदलून घ्यावा. आणि रंगही त्यानंतरच टिपावा; उलट क्रमाने केलं तर टिपलेला आकडा वाया जातो.

फोटोची भिंत एकसारखी उजळ नसेल, एका बाजूने दारातला उजेड पडला असेल, तर शिवण लपवायचा हट्टच सोडावा. सरळ बारीक चौकट द्यावी. चारही कडा वेगवेगळ्या रंगांच्या असताना त्या पानात विरघळवण्यासाठी धूसर करणं मला केविलवाणं वाटतं.

नुसती नक्षी हवी असेल, मथळ्यापुढे एखादं कमळ किंवा वेलबुट्टी, तर कारागिराचाच मार्ग मोकळा आहे. लाल तेवढा ठेवायचा, पांढरा पुसून पारदर्शक करायचा आणि फाइल पीएनजीत साठवायची. पीएनजी आकडे जसेच्या तसे राखतो. आता नक्षीतून दिसणारा पांढरा पानाचाच. पानाचा रंग उद्या बदलला तरी जुळवाजुळव करावी लागत नाही. जुना जिफ इथे टाळावा. त्यात पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक नाहीतर पूर्ण भरीव, त्यामुळे गोलाई करवतीसारखी दिसते किंवा भोवती पांढुरकी किनार उरते.

एक अडचण राहते. वाचक रात्री फोन डार्क मोडवर टाकतो, पान काळपट होतं आणि पारदर्शक कमळातून चुन्याऐवजी काळोख दिसू लागतो. १८, १८, १८च्या पार्श्वभूमीवर आपला लाल अडीचच्याही आत घसरतो. मजकूर तर सोडाच, चित्राला लागणारी तीनाची मर्यादाही तो गाठत नाही. त्या मोडसाठी वेगळी फाइल ठेवावी. लाल २००, ९०, ७०पर्यंत उजळला तर गुणोत्तर साडेचारच्या आसपास येतं, पण मग ती कावी उरत नाही, विटेचा रंग होतो. मी तिथे नक्षीखाली चुन्याचा तुकडाच राहू देतो: काळ्या पानावर भिंतीचा एक चौकोन, त्यात लाल कमळ. काळोख्या पानावरच्या छायाचित्रांचे आणखीही हाल होतात. ते पुढच्या भागात.