राजनिष्ठांचं सेंट जॉन

सेंट जॉनच्या किंग्ज स्क्वेअर बागेतल्या पायवाटा ब्रिटिश झेंड्यावरच्या पट्ट्यांसारख्या आखल्या आहेत. चालणाऱ्याच्या ध्यानात ते चटकन येत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात राजाची बाजू धरून हरलेल्या लोकांनी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर वसवलेलं हे शहर. त्यांची पहिली मोठी तुकडी १८ मे १७८३ रोजी बंदरातल्या मार्केट स्लिपपाशी उतरली. पुढच्याच वर्षी नोव्हा स्कोशियाचा लचका तोडून त्यांच्यासाठी न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत काढला गेला आणि १७८५ मध्ये सेंट जॉनला शहराची सनद मिळाली. कॅनडात अशी सनद मिळालेलं हे पहिलं शहर.

जूनमध्ये आलेल्या जहाजावर सेरा फ्रॉस्ट ही गरोदर बाई रोजनिशी लिहीत होती. इतका खडबडीत मुलूख आपण उभ्या जन्मात पाहिला नाही, असं तिला वाटलं. महिनाभराने ती इथेच बाळंत झाली.

ट्रिनिटी चर्चमध्ये राजचिन्ह कोरलेली एक लाकडी पाटी आहे. मूळची ती बॉस्टनच्या कौन्सिल हॉलमधली. एडवर्ड विन्स्लो या राजनिष्ठाने ती तिथून उचलून आणली. १८७७ च्या आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला, चर्चही जळालं, पण पाटी लोकांनी बाहेर काढली. पराभूतांना अशा वस्तूंचं मोल जास्तच असतं.

निष्ठा सगळ्यांची, फळ मात्र सारखं नाही. पंचावन्न बड्या असामींनी माणशी पाच हजार एकर जमीन मागितली, तेव्हा सामान्य निर्वासितांनी गिल्ला केला. कृष्णवर्णीयांची तर बोलायचीच सोय नव्हती. स्वातंत्र्याच्या वचनावर ते इंग्रजांकडून लढले होते. पण शहराच्या सनदेने त्यांना नागरिकत्वाचे हक्क नाकारले आणि बंदरात मासेमारीचीही बंदी केली. त्यांच्यातला सार्जंट थॉमस पीटर्स गाऱ्हाणं घेऊन थेट लंडनला धडकला. त्यातूनच १७९२ मध्ये पंधरा जहाजं भरून सुमारे बाराशे कृष्णवर्णीय माणसं हॅलिफॅक्सहून आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला निघून गेली. पीटर्सही त्यांच्यात होता.

गावातला सर्वांत बदनाम रहिवासी म्हणजे बेनेडिक्ट अरनॉल्ड. वॉशिंग्टनचा हा सेनापती वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांना विकायला निघाला होता. कट फुटला आणि तो पळून इंग्रजांना मिळाला. पुढे सेंट जॉनला येऊन त्याने जहाजांचा व्यापार मांडला. १७८८ मध्ये त्याचं गोदाम जळालं. विम्यासाठी यानेच आग लावली, असं जुन्या भागीदाराने बोलून दाखवलं. अरनॉल्डने अब्रूनुकसानीचा दावा लावला, जिंकलाही; पण भरपाई मिळाली नाममात्र. १७९१ मध्ये जमावाने त्याच्या घरापुढे गद्दार म्हणून त्याचा पुतळा जाळला. राजासाठी सर्वस्व गमावलेल्यांना हा सौदा करून आलेला राजनिष्ठ पचला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. त्यानंतर लवकरच त्याने गाशा गुंडाळून लंडन गाठलं. त्याचे दोन मुलगे पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करात दाखल झाले.

सेंट जॉनसमोरच्या उपसागरापलीकडे, नोव्हा स्कोशियातल्या सिसिबूला (आजचं वेमाउथ) जेम्स मूडी हा दुसरा राजनिष्ठ राहत होता. हा न्यू जर्सीचा शेतकरी. युद्धात इंग्रजांचा नावाजलेला हेर. वॉशिंग्टनचं टपाल तो वाटेत लुटायचा. अमेरिकन काँग्रेसची कागदपत्रं पळवण्याच्या बेतात त्याचा धाकटा भाऊ १७८१ मध्ये फिलाडेल्फियात फासावर गेला. त्याच्या आदल्या वर्षी मूडी स्वतः पकडला गेला होता. त्याला वेस्ट पॉइंटला बेड्या घालून, खडकात खोदलेल्या, पाणी साचलेल्या कोठडीत डांबलं होतं. तिथला अधिकारी होता अरनॉल्ड. इंग्रजांच्या हेराला साखळदंडात ठेवून हा गृहस्थ त्याच दिवसांत इंग्रजांशी गुपचूप किमतीची घासाघीस करत होता! पुढे वॉशिंग्टनच्या छावणीत हलवलेला मूडी १७ सप्टेंबर १७८० ला तिथून निसटला. अरनॉल्ड पळाला तो आठच दिवसांनी. सिसिबूला मूडीने जहाजं बांधली, प्रांताच्या विधानसभेत तो निवडून गेला आणि १८०९ मध्ये तिथेच वारला.