हुजूर पक्षातील अंतर्गत गट
हुजूर पक्षातील अंतर्गत गट : ब्रिटनमधील हुजूर (काँझर्व्हेटिव्ह) पक्षात धोरण व नेतृत्व यांवरून वेळोवेळी निर्माण झालेले गट आणि त्यांतील संघर्ष. सतराव्या शतकातील टोरी गटापासून आपली परंपरा सांगणाऱ्या या पक्षाला सर रॉबर्ट पील (१७८८–१८५०) याच्या टॅमवर्थ जाहीरनाम्याने (१८३४) आधुनिक रूप दिले. राजसत्ता, चर्च व मालमत्ता यांचे रक्षण करावयाचे. तथापि सिद्ध झालेले दोष दूर करण्यास नकार द्यावयाचा नाही, अशी त्यातील भूमिका होती. किती बदल मान्य करावयाचा, हा वाद त्यामुळे पक्षाच्या जन्माबरोबरच त्याच्या पदरी आला.

त्याचा पहिला तडाखा खुद्द पीललाच बसला. आयात धान्यावरील जकातीचे कायदे त्याने १८४६ मध्ये रद्द केले, तेव्हा पक्षाच्या सुमारे दोन-तृतीयांश सदस्यांनी त्याच्या विरोधात मतदान केले. जमीनदारांच्या बाजूने बोलणारा बेंजामिन डिझरेली (१८०४–८१) या बंडातून पुढे आला. पीलवादी गट कालांतराने उदारमतवाद्यांना मिळाला आणि हुजूर पक्षाला स्वतःचे बहुमत पुन्हा मिळविण्यास १८७४ पर्यंत थांबावे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी साम्राज्यांतर्गत जकातीच्या प्रश्नावरून अशीच फूट पडून १९०६ च्या निवडणुकीत पक्षाचा दारुण पराभव झाला. मुंबईत जन्मलेले सर मंचेरजी भावनगरी हे या पक्षाचे सदस्य म्हणून १८९५ पासून कॉमन्स सभागृहात होते; त्यांचीही जागा या निवडणुकीत गेली.

भारताच्या प्रश्नावरही पक्ष दुभंगला होता. स्टॅन्ली बॉल्डविन याने घटनात्मक सुधारणांना दिलेला पाठिंबा विन्स्टन चर्चिल याला मान्य नव्हता. त्याने १९३१ मध्ये पक्षाच्या आघाडीच्या बाकांवरील जागा सोडली आणि पुढे १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या विधेयकाला द्वितीय वाचनाच्या वेळी पक्षाच्या सुमारे ८० सदस्यांनी विरोध केला. हा गट हरला. पण बाहेर पडला नाही. त्याचा नेता पाचच वर्षांनी पंतप्रधान झाला, ही गोष्ट या पक्षाच्या लवचिकपणाची द्योतक आहे.

मार्गारेट थॅचर (१९२५–२०१३) हिच्या कारकीर्दीत (१९७९–९०) मुक्त बाजारपेठेचे कट्टर पुरस्कर्ते आणि कल्याणकारी खर्चाबाबत मवाळ असलेले ‘वेट्स’ (मिळमिळीत या अर्थी) असे दोन तट पडले. मात्र पक्षाला खरी पोखरण लागली ती यूरोपच्या प्रश्नाने. १९७३ मध्ये ब्रिटनला यूरोपीय आर्थिक समुदायात नेणारे सरकार याच पक्षाचे होते. पुढे मास्ट्रिख्ट तहाच्या (१९९२) मंजुरीसाठी अवघ्या २१ च्या बहुमतावर चाललेल्या जॉन मेजर यांच्या सरकारला स्वपक्षीय बंडखोरांनी जेरीस आणले. डेव्हिड कॅमेरन यांनी २०१६ मध्ये सार्वमत घेतले, त्यामागे पक्षांतर्गत कलह एकदाचा मिटावा हा हेतूही होता. घडले ते उलटच. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी २१ सदस्यांना संसदीय पक्षातून काढले. त्यांत चर्चिलचा नातूही होता.

नेता निवडण्याच्या पद्धतीमुळे ही गटबाजी अधिक तीव्र झाली. १९६५ पूर्वी वरिष्ठांच्या सल्लामसलतीतून नेता ‘उदयास’ येई. त्यानंतर संसद सदस्य त्याची निवड करू लागले. १९९८ च्या नियमांनुसार संसद सदस्य दोन उमेदवार ठरवितात व अंतिम निवड सर्वसाधारण सभासद करतात. परिणामी सभासदांना हवा असलेला नेता संसदेतील सहकाऱ्यांना नको, असा पेच वारंवार उद्‌भवला. २००१ मध्ये निवडलेल्या इअन डंकन स्मिथ यांना संसद सदस्यांनीच २००३ मध्ये दूर केले. २०२२ मध्ये संसद सदस्यांची सर्वाधिक मते ऋषी सुनक यांना होती, पण सभासदांनी लिझ ट्रस यांना निवडले. त्यांच्या कर्जाधारित करकपातीने रोखेबाजार हादरला आणि सुमारे सात आठवड्यांत त्यांना पद सोडावे लागले.

४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत पक्षाला १२१ जागा मिळाल्या; त्याच्या इतिहासातील हा नीचांक होय. उजवीकडील रिफॉर्म यूके पक्षाला केवळ पाच जागा मिळाल्या असल्या, तरी मते १४ टक्क्यांहून अधिक होती. तर डावीकडे उदारमतवादी लोकशाहीवाद्यांनी ७२ जागा जिंकल्या. एका बाजूचा मतदार परत आणावा, तर दुसऱ्या बाजूचा दुरावतो, अशी ही कोंडी होती. नव्या नेत्यासाठी झालेल्या संसद सदस्यांच्या शेवटच्या फेरीत केमी बेडनॉक यांना ४२, रॉबर्ट जेनरिक यांना ४१ व मवाळ गटाला जवळचे वाटणारे जेम्स क्लेव्हर्ली यांना ३७ मते पडली. म्हणजे उरलेला लहानसा पक्षही तीन जवळजवळ सारख्या भागांत विभागलेला होता. सभासदांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बेडनॉक यांची निवड केली. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत पक्षाने शेकडो जागा गमावल्या व रिफॉर्म यूकेने दहा परिषदांवर बहुमत मिळविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यूरोपीय मानवी हक्क करारातून बाहेर पडण्याचे धोरण बेडनॉक यांनी जाहीर केले. ज्या कराराच्या उभारणीत चर्चिलचा पुढाकार होता, त्याच करारातून माघार घेण्याच्या या निर्णयाने पक्षातील जुना वाद नव्या विषयावर येऊन ठेपला.