मागील चाकांची दिशा : एक दुर्लक्षित तपासणी

आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, विद्यार्थ्यांची बस, पंचायत समितीची जीप यांवर ग्रामीण भागातील कित्येक व्यवहार आज अवलंबून आहेत. या वाहनांची देखभाल करताना तेल, ब्रेक आणि पुढील चाके यांकडे लक्ष दिले जाते. मागील चाके मात्र सरळच असणार, असे गृहीत धरले जाते. हा समज महागात पडू शकतो.

बैलगाडीचा आस एका बाजूस सरकला की गाडी तिरकी चालते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मोटारीचेही तसेच आहे. मागील आस तिरका झाला की तो वाहनास एका बाजूस ढकलतो आणि चालकास स्टिअरिंग सतत किंचित वळवून धरावे लागते. अशा वाहनास ओल्या रस्त्यावर एकाएकी ब्रेक लावल्यास ते घसरण्याचा धोका वाढतो. आस वाकून एखादे चाकच तिरके झाले असेल, तर टायरची झीज होते. चाक १ अंशाने तिरके असता दर किलोमीटरमागे टायर सुमारे १७ मीटर आडवा घासला जातो.

दोषाची लक्षणे ओळखणे कठीण नाही. वाहन सरळ धावत असताना स्टिअरिंग तिरके राहते. ओल्या मातीत सरळ चालविलेल्या गाडीच्या मागील चाकांचे ठसे पुढील ठशांच्या एकाच बाजूस सरकलेले दिसतात. टायर एका कडेने अधिक झिजतो.

पाट्यांवर बसविलेल्या अखंड आसाची प्राथमिक तपासणी दोरी, फीत व ओळंबा यांनी करता येते. वाहन सपाट जागी, रिकामे उभे करावे. टायरमधील हवा समान असावी, इंजिन बंद असावे आणि चाकांना दगड लावावेत. मागील पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून आसाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. ते समान नसेल, तर आस सरकला आहे असे समजावे. त्यानंतर प्रत्येक मागील टायरच्या बाहेरील बाजूस सरळ पट्टी आडवी टेकवून तिच्या दोन्ही टोकांवरून ओळंबा सोडावा व जमिनीवर खुणा कराव्यात. दोन्ही बाजूंच्या खुणांमधील अंतर पुढे व मागे सारखे नसल्यास आस वाकल्याची शंका घ्यावी.

अशा आसाचा कोन बदलण्याची सोय सहसा नसते. म्हणून मूळ कारणच शोधावे लागते. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटणे, यू-बोल्ट सैल होणे, बुश झिजणे किंवा आस वाकणे ही त्याची नेहमीची कारणे होत. स्वतंत्र झोल्याच्या मोटारींत मात्र चाकांचा कोन उत्पादकाने दिलेल्या मापानुसार, संगणकीय यंत्रावर जुळवून घ्यावा. कोणत्याही वाहनात आधी मागील चाके व नंतर पुढील चाके हाच क्रम योग्य. अन्यथा पुढील चाकांवर केलेला खर्च वाया जातो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनांना योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. परंतु दोन तपासण्यांच्या दरम्यान एखाद्या खड्ड्यातही सेंटर बोल्ट तुटू शकतो. म्हणून पाट्यांचे काम झाल्यावर किंवा मोठा धक्का बसल्यावर ही मापे घेऊन लॉगबुकात नोंदवावीत. नव्या टायरचे देयक मंजुरीस आले, की जुना टायर कोणत्या कडेने झिजला, हे संबंधित अधिकाऱ्याने अवश्य विचारावे. या एका प्रश्नाने सार्वजनिक पैसा वाचेल आणि गाडीत बसणाऱ्यांचा प्रवासही अधिक सुरक्षित होईल.