ग्राहक अभिप्राय (लहान व्यवसाय)

ग्राहक अभिप्राय म्हणजे वस्तू किंवा सेवा घेतल्यानंतर ग्राहकाने तिच्याविषयी बोलून, लिहून किंवा आपल्या वर्तनातून व्यक्त केलेले मत होय. किराणा दुकान, खानावळ, पिठाची गिरणी, शिवणकाम अशा लहान व्यवसायांत मालक स्वतः गल्ल्यावर बसत असल्याने हे मत थेट त्याच्या कानी पडते. मात्र जे कानी पडते ते सर्व ग्राहकांचे मत नसते.

बोलणारे व न बोलणारे ग्राहक

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांच्या 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' (१९७०) या ग्रंथानुसार असमाधानी ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा तक्रार करणे. शेजारीच दुसरे दुकान असेल तर पहिला मार्ग सोपा ठरतो. ज्याला त्या दुकानाविषयी आपुलकी असते तो थांबून बोलतो. त्यामुळे तक्रार करणाऱ्याला कटकट्या समजणारा दुकानदार बहुधा टिकू इच्छिणाऱ्या ग्राहकालाच दुखावतो.

ओळखीच्या माणसाला तोंडावर दोष सांगण्याचा संकोचही असतो. "जेवण कसे होते?" या प्रश्नाचे "छान" हे उत्तर पुष्कळदा केवळ शिष्टाचार असतो, "आज आमटी तिखट झाली का?" असे नेमके विचारल्यास उपयोगी माहिती मिळण्याची शक्यता वाढते. न बोललेला अभिप्राय ताटात उरलेल्या भाजीवरून किंवा वाण्याच्या उधारीच्या वहीवरून कळू शकतो. दरमहा खाते चुकते करणाऱ्या घराच्या नोंदी अचानक थांबल्या, तर चौकशी करणे इष्ट ठरते.

तक्रार व तिचे कारण

ग्राहक आपली अडचण सांगतो. तिचे कारण त्याला ठाऊक असेलच असे नाही. ज्वारीची भाकरी थापताना फुटते, अशी तक्रार गिरणीकडे आली तर पीठ जाड दळले गेले असेल, किंवा धान्य जुने असल्याने पिठाला विरी नसेल. पहिल्या बाबतीत दगडांमधील अंतर तपासावे लागते, दगड झिजले असल्यास त्यांना टाकी लावावी लागते. दुसऱ्या बाबतीत गिरणीत कितीही दुरुस्ती केली तरी उपयोग नाही. तक्रारीसोबत तारीख, धान्य व दळणाची वेळ लिहून ठेवल्यास हा भेद करता येतो. एकाच दिवशी दळलेल्या वेगवेगळ्या घरांच्या धान्याविषयी सारखीच तक्रार आली, तर संशय प्रथम गिरणीकडे जातो. दोष दूर केल्यावर तक्रार करणाऱ्याला तसे कळवणे अनेकदा राहून जाते, आणि मग तो पुन्हा बोलत नाही.

आकड्यांच्या मर्यादा

फ्रेडरिक रायकेल्ड यांनी २००३ साली मांडलेल्या 'नेट प्रमोटर स्कोअर' या पद्धतीत ग्राहकाला, तो इतरांकडे शिफारस करील का, हे ० ते १० या श्रेणीत विचारतात. ९ व १० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ० ते ६ देणाऱ्यांची टक्केवारी वजा करतात. उत्तर देणारे वीसच असतील तर प्रत्येक जण ५ टक्के ठरतो. दोघांनी ७ ऐवजी ६ दिले की निर्देशांक एकदम १० ने घसरतो. तारांकनाचेही तसेच आहे. पाच ग्राहकांनी पाच तारे दिले असताना सहाव्याने एकच दिला, तर सरासरी ४.३३ होते, आधीचे २०० जण असते तर ती ४.९८ राहिली असती. लहान दुकानासाठी सरासरीपेक्षा पुन्हापुन्हा येणारी तक्रार अधिक विश्वासार्ह खूण मानावी लागते.

भारतातील मानक

ऑनलाइन अभिप्रायांत पैसे देऊन लिहवून घेतलेली स्तुती व प्रतिस्पर्ध्याने केलेली निंदा मिसळलेली असू शकते. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'आयएस १९०००:२०२२' हे मानक जाहीर केले. त्यात ऑनलाइन ग्राहक अभिप्राय गोळा करणे, तपासणे व प्रसिद्ध करणे यांविषयीची तत्त्वे दिली आहेत. जाहीर झाले तेव्हा त्याचे पालन ऐच्छिक होते.