चाकांवरच्या घराचा सातबारा

सॅक्रामेंटो (कॅलिफोर्निया)

सिंदेवाहीकडे बैल घ्यायचा तर तोंड उघडून दात पाहावेत, आणि धानाची बांधी घ्यायची तर पटवाऱ्याकडून सातबारा काढून ‘इतर हक्क’ या रकान्यात कुणाचा बोजा आहे काय ते वाचावे, ही आपली जुनी वहिवाट. परंतु जी वस्तू एकाच वेळी वाहनही असते आणि घरही, ती घेताना या दोन्ही परीक्षा कराव्या लागतात, हे मला इकडे आल्यावर कळले.

येथील निवृत्त जोडपी चूल, बिछाना व न्हाणीघर यांसह असलेल्या ‘मोटरहोम’मधून महिनोन्‌महिने अरण्ये हिंडतात. माझ्या शेजाऱ्याने असेच एक जुने वाहन पसंत केले आणि कागद पाहण्यास मला सोबत नेले. वाहनाच्या मालकीपत्रावर येथे ‘नोंदणीकृत मालक’ व ‘कायदेशीर मालक’ असे दोन निराळे रकाने असतात. पहिल्यात विकणाऱ्या गृहस्थांचे नाव होते, दुसऱ्यात बँकेचे! आपल्या आरसी बुकावरील हायपोथिकेशनची नोंद ती हीच. बँकेने हक्क सोडल्याची सही होईपर्यंत संपूर्ण रक्कम हवाली करणे म्हणजे बोजासकट शेत घेणे होय. त्यानंतर कागदावरचा सतरा अक्षरांकांचा क्रमांक वाहनावरील क्रमांकाशी आम्ही ताडून पाहिला.

दुसरा पेच अधिक सूक्ष्म आहे. नवे वाहन वारंवार दुरुस्त करूनही सुधारत नसेल, तर 1970 सालच्या साँग-बेव्हर्ली कायद्यान्वये कंपनीस ते बदलून द्यावे वा परत घ्यावे लागते; लोक यास ‘लेमन लॉ’ म्हणतात. मात्र मोटरहोमपुरती ‘नव्या मोटार वाहना’ची व्याख्या चासी आणि चालविणाऱ्या यंत्रापाशीच थांबते, मनुष्याने राहावयाचा भाग तीतून स्पष्ट वगळलेला आहे. म्हणून इंजिनाची हमी निराळी आणि छपराची निराळी वाचावी. आमचा सौदा तर जुन्या वाहनाचा, तोही खाजगी गृहस्थाशी, ‘आहे त्या स्थितीत’ या अटीवर. तेव्हा पाहणी हीच काय ती हमी. खिडकीखालच्या भिंतीवर शेजाऱ्याने अंगठा दाबला, तो लाकूड ओल्या भाकरीसारखे आत गेले.

खरेदीनंतर दहा दिवसांच्या आत मोटार वाहन खात्यात नाव चढवावे लागते. आपल्या 1988 च्या कायद्यात त्यासाठी खरेदीदारास तीस दिवस आहेत.

इतकी झडती पाहून विकणारे गृहस्थ किंचित खट्टू झाले. आमच्या गावी बैलाचे दात पाहणाऱ्यावर धनी रागावत नाही, असे मी त्यांस सांगितले, तेव्हा ते हसले, भिंतीपुरती किंमत उतरविण्यास राजी झाले, आणि बँकेचा पत्ता त्यांनी आपण होऊन लिहून दिला.