स्थिर संकेतस्थळाची घडण

दिल्लीच्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, अर्थात 'निक्सी', या संस्थेने २०१४ साली '.भारत' हे देवनागरी क्षेत्रनाम खुले केले. तेव्हापासून संकेतस्थळाला मराठी पत्ता घेता येतो. पत्ता मिळाला तरी घर बांधावेच लागते. समजा, पहाडगंजातील एखाद्या मराठी मंडळाला गणेशोत्सवाच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका जगापुढे ठेवावयाच्या आहेत. हा मजकूर रोज बदलत नाही. मग वाचक येताच दर वेळी पान नव्याने जुळवून देणारी यंत्रणा कशाला हवी? पाने एकदाच घडवून ठेवली की पुरे. अशा तयार पानांच्या समूहास स्थिर संकेतस्थळ म्हणतात.

ही घडण संगणकाला लेखी आज्ञा देऊन करता येते. रिकाम्या पडद्यावर लुकलुकणारी खूण पाहून पुष्कळांना धास्ती वाटते. वस्तुतः एका ओळीत एक आज्ञा लिहावयाची आणि एंटर कळ दाबावयाची, एवढेच असते. 'ह्यूगो' हे विनामूल्य साधन घेऊ. 'ह्यूगो न्यू साइट' या शब्दांपुढे नाव लिहिले की त्या नावाचा फोल्डर तयार होतो. 'सीडी' या आज्ञेने आपण त्यात शिरतो. पानांच्या मांडणीचा साचा 'थीम्स'मध्ये आणि मजकुराच्या फाइली 'कंटेंट'मध्ये ठेवावयाच्या. 'ह्यूगो सर्व्हर' म्हटले की आपल्याच संगणकावर पाने पाहता येतात. फाइलीच्या माथ्यावर कच्चा मसुदा अशी नोंद राहिली असेल, तर मात्र ते पान दिसत नाही. नवशिके हमखास येथेच अडतात.

पाने मनासारखी झाली की 'गिट कमिट'ने त्या अवस्थेची नोंद करावी आणि त्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवावी. याहूने अमेरिकेतील 'जिओसिटीज' ही सेवा २००९ साली बंद केली, तेव्हा असंख्य घरगुती पाने नाहीशी झाली. ज्यांनी मूळ फाइली जपल्या होत्या, त्यांना ती अन्यत्र उभारता आली.

यानंतर नुसते 'ह्यूगो' म्हणताच तयार पाने 'पब्लिक' फोल्डरात उतरतात. ती सर्व्हरवर नेण्याचे काम 'आरसिंक' करते, आणि तेही फक्त बदललेल्या फाइली पाठवून. तिला 'डिलीट' हा शब्द जोडला, तर आपल्याकडे नसलेल्या फाइली ती तेथूनही पुसते. सोय मोठी, पण चुकून रिकामा फोल्डर दाखविला तर सारे संकेतस्थळ क्षणात साफ! म्हणून प्रथम 'व्हर्बोज' आणि 'ड्राय रन' हे शब्द जोडून आज्ञा द्यावी. अशा वेळी काहीही न हलविता, काय जाईल आणि काय पुसले जाईल याची यादी तेवढी पडद्यावर येते. ती ओळीने वाचावी. एकही अनपेक्षित नाव नसेल, तरच 'ड्राय रन' वगळून तीच आज्ञा पुन्हा द्यावी.