बडोदा स्टेशनची दोन तोंडे आणि अलकापुरीचे फोटो

बडोदा स्टेशनला दोन तोंडे आहेत. पूर्वेकडचे सयाजीगंजात उघडते, पश्चिमेकडचे अलकापुरीत. रूळ साधारण उत्तर-दक्षिण जात असल्याने सयाजीगंजाच्या बाजूला सकाळी ऊन येते आणि अलकापुरीच्या बाजूला दुपारनंतर. जुन्या फोटोत ऊन इमारतीच्या दर्शनी भागावर आहे की मागून आले आहे, हे पाहिले की एक गोष्ट हाती लागते: बाजू माहीत असेल तर वेळ कळते, वेळ माहीत असेल तर बाजू.

रेल्वे बडोद्यात आली 1861 मध्ये. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने (बी. बी. सी. आय.) सुरतेकडून आणलेला हा मार्ग 1863 पर्यंत अहमदाबादेला भिडला. त्याच सुमारास, 1862 मध्ये, खंडेराव गायकवाडांनी डभोई ते मियागाम हा संस्थानाचा अरुंदमापी मार्ग सुरू केला. त्यावरचे डबे आधी बैल ओढत. मुख्य मार्गावरचे बडोदा स्टेशन मात्र शहराच्या पश्चिमेला पडले. चार दरवाजांच्या आतले शहर पूर्वेला, त्यामुळे स्टेशनचे मानाचे तोंड तिकडेच राहिले. 1879 मध्ये सयाजीराव महाराजांनी वसवलेली कमाटीबाग आणि बडोदा कॉलेजचा घुमट याच बाजूला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शहरात येणाऱ्या पाहुण्याचा आणि कॅमेऱ्याचा मोहरा सहजच तिकडे वळला.

पश्चिमेची अलकापुरी पुढे बंगल्यांची आणि सोसायट्यांची वस्ती म्हणून वाढली. संस्थानी काळाची माणसे तिथे रस्त्यांच्या आणि वसाहतींच्या नावांत भेटतात. आर. सी. दत्त रोड हे नाव रमेशचंद्र दत्तांचे. 1899 च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले दत्त 1904 मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले, 1909 मध्ये दिवाण झाले आणि त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला बडोद्यातच वारले. संपतराव कॉलनी हे नाव सयाजीरावांचे बंधू संपतराव गायकवाड यांची आठवण देते. अशा वस्तीचे फोटो संग्रहालयात शोधून फारसा उपयोग नाही. ते घरोघरीच्या अल्बमात असतात. कोणी नवी स्कूटर फाटकाशी उभी करून काढलेला, कोणी मुलगी सासरी निघताना स्टेशनवर काढलेला. काढणाऱ्याला माणसे हवी होती. मागचा रस्ता, दुकानाची पाटी, झाड हे आपोआप आले. आज त्या फोटोचे मोल त्या मागच्या भागातच जास्त आहे.

असा फोटो कधीचा, हे ठरवण्याच्या काही खुणा आहेत. डब्यावर किंवा फलकावर बी. बी. सी. आय.ची अक्षरे दिसली तर फोटो बहुधा 1951 च्या आधीचा किंवा त्यानंतर थोड्याच काळातला; त्या वर्षी 5 नोव्हेंबरला पश्चिम रेल्वे स्थापन झाली. रुळांवर विजेच्या तारा नसतील तर तो 1970 च्या दशकातल्या विद्युतीकरणापूर्वीचा. गावाचे नाव सरकारदरबारी ‘वडोदरा’ झाले 1974 मध्ये, म्हणून इंग्रजी पाटीवर ‘बरोडा’ असल्यास तेही वर्ष मोजायला उपयोगी पडते. गाडीच्या नंबरप्लेटवर ‘जीजे 6’ असेल तर फोटो 1989 नंतरचा, कारण राज्य आणि जिल्ह्याच्या क्रमांकाची ही पद्धत त्या वर्षी आली. एकच खूण फसवू शकते. जुनी पाटी वर्षानुवर्षे तशीच राहते. दोन-तीन खुणा जुळल्या म्हणजे तारीख पक्की धरावी.

काही गोष्टी फोटोत सापडत नाहीत, तिथे जागाच बोलते. 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले. जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. मुंबईच्या गाडीला अवकाश होता, ते तास त्यांनी कमाटीबागेत काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे, आणि ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. स्टेशनच्या परिसराची चित्रमालिका करणाऱ्याने हे ठिकाण वगळले तर ती मालिका अपुरी राहील.

आजचा कॅमेरा अलकापुरीच्या बाजूला का न्यावा, याला ठोस कारण आहे. मुंबई-अहमदाबाद या 508 किलोमीटरच्या हायस्पीड मार्गाचे बडोद्याचे स्थानक सध्याच्या स्टेशनला लागूनच उभे राहत आहे. मार्गाचे खांब आणि स्थानकाची उंच इमारत यांनी इथले आकाश बदलते आहे. रुळांखालून सयाजीगंजाकडे नेणारे अलकापुरीचे गरनाळे जोराच्या पावसात पाण्याने भरते आणि वाहतूक बंद पडते, हेही टिपण्यासारखे आहे. आणंद, भरूच, अंकलेश्वरला रोज ‘अपडाउन’ करणारे पासवाले, मेमू गाडीची वाट पाहणारी फलाटावरची रांग, बाहेर रिक्षांची गर्दी, हे चित्र रोजचे आहे म्हणूनच कोणी टिपत नाही.

बडोद्याला असे रोजचे टिपून ठेवण्याच्या कामाची उत्तम परंपरा आहे. ज्योती भट्ट यांनी 1960 च्या दशकापासून गावोगाव फिरून भिंतींवरच्या आणि अंगणातल्या लोकचित्रांचे फोटो काढले. ती कला नाहीशी होण्याआधी तिची नोंद राहावी हा त्यांचा हेतू होता. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी उत्तरायुष्य बडोद्यात घालवले आणि 2012 मध्ये इथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह आज संशोधकांना उपलब्ध आहे, कारण तो सुरक्षित हाती सोपवला गेला.

घरच्या अल्बमाचेही तसेच व्हावे. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने ठिकाण, वर्ष आणि माणसांची नावे लिहावीत; शाईचा पेन वापरू नये, शाई कागदातून पुढे उतरते. चिकट पानांच्या अल्बमातले फोटो पावसाळ्याच्या दमटपणात पानालाच चिकटून बसतात, ते काढून साध्या कागदाच्या पाकिटात ठेवावेत. नवा फोटो काढताना जुना सोबत घेऊन त्याच जागी, त्याच उंचीवरून काढावा, म्हणजे दोन्हींतला फरक ओळखता येतो. ज्यांच्या घरी अलकापुरीचा किंवा स्टेशनचा जुना फोटो असेल, त्यांनी त्यात कोण आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून घ्यावे.